पक्की प्रत

“पुन्हा करा,” आर्काडी व्हिकेंत्येविच म्हणाले आणि नुकतंच टाइप झालेलं तिसरं पान त्यांनी झिनाइदा स्तेपानोव्हनाच्या टेबलावर पालथं ठेवलं. “विहीर काढलीय.”

“काल तुम्हीच घातली होती.”

“काल वरून आली होती. आज आम्ही काढली.”

“आणि वरून परत आली तर?”

“तर परत घालू,” ते म्हणाले आणि लाल पेन्सिलीला टोक करत आपल्या जागेवर जाऊन बसले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. ते या कामातच म्हातारे झाले होते.

विहीर म्हणजे पत्रातलं एक वाक्य. एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोन शेजाऱ्यांनी भांडावं हवं तेवढं, पण विहिरीत थुंकू नये, असं काहीतरी. देशाच्या मुख्य नेत्यानं ते स्वतः सांगितलं होतं म्हणे, त्याच्या गावाकडच्या ढंगात, आणि पत्र चाललं होतं अमेरिकेच्या अध्यक्षाला. पत्र खासगी होतं. वरच्या कोपऱ्यात तसं लिहायचंही होतं. खासगी म्हणजे एका माणसानं दुसऱ्या माणसाला मनातलं लिहिलेलं. फक्त ते मनातलं काय असावं हे ठरवायला सात-आठ माणसं सकाळपासून खोल्या-खोल्यांतून फिरत होती. बासष्ट सालच्या ऑक्टोबरातला रविवार होता. क्यूबाच्या बेटावर सोव्हिएत रॉकेटं सापडली म्हणून अमेरिकेची विमानं तयार उभी होती, आणि मॉस्कोतल्या या कचेरीत एक विहीर आत-बाहेर करत होती.

टायपिस्ट झिनानं ते पान उचललं, चार तुकडे केले आणि जाळायच्या पिशवीत टाकले. अशा पत्रात खाडाखोड चालत नाही. रबर नाही, पांढरा रंग नाही, एका अक्षरावर दुसरं अक्षर नाही. एक टिंब चुकलं तरी अख्खं पान नव्यानं. झिना या खोलीत बसायची ती याचसाठी. तिची बोटं चुकत नसत. शेजारच्या टेबलावरची रोझा तिला मजकूर वाचून सांगायची आणि ती मान वर न करता टाइप करायची. मजकुराचा अर्थ डोक्यात शिरू द्यायचा नाही, ही या कामाची पहिली शिकवण. कानातून बोटात, मध्ये मुक्काम नाही.

“माझी आजी लग्नाची पत्रं लिहायची गावात,” रोझा कागद सारखे करत पुटपुटली. “एवढ्या वेळात तिनं तिघींची लग्नं लावली असती आणि त्यांना पोरंही झाली असती.”

“वाच तू,” झिना म्हणाली.

“वाचते. ‘आदरणीय अध्यक्ष महोदय.’ का ‘महोदय’ पण काढलंय? आर्काडी व्हिकेंत्येविच, महोदय आहेत की गेले?”

“आहेत. स्वल्पविराम गेला.”

दुपारी जेवणाऐवजी सॉसेज घातलेला पाव आणि चहा आला. बाहेर जायची कोणालाच परवानगी नव्हती. विहीर वरून परत आली होती. तिच्याबरोबर एक नवं भांडणही आलं होतं : शेवटी अध्यक्षांच्या बायकोमुलांना शुभेच्छा द्यायच्या की नाहीत. तरुण अधिकारी ओरेस्त टेबलाच्या कडेवर बसून पाय हलवत होता. पोरगा हुशार होता, इंग्रजीत स्वप्नं पाहायचा, आणि ते सगळ्यांना कळावं अशी काळजीही घ्यायचा.

“खासगी पत्र आहे ना? मग विचारूया की, पोरं कशी आहेत.”

“अणुबॉम्बच्या पत्रात पोरं?” आर्काडी व्हिकेंत्येविच म्हणाले.

“पोरांवरच पडतात ना ते.”

“ओरेस्त, उगाच शहाणपणा नको. ‘आदरपूर्वक’ आणि सही. बस.”

नमनालाच घडाभर तेल. झिनानं पावाचा घास चहाबरोबर गिळला. तिला वैताग आला होता, पण तो रोजचा होता. भिजलेल्या बुटांचा येतो तसा. घरी जाऊन पाय पसरावेत, एवढीच तिची त्या वेळी देशाच्या नेत्यांकडून अपेक्षा होती.

तेवढ्यात ओरेस्त हसला. “आणि तुम्हाला ती स्कीची गोष्ट माहीत आहे का? आपल्या पोरांना त्या बेटावर पाठवलं ना, तेव्हा जहाजावर चढवायच्या आधीच सगळ्यांना स्की दिल्या होत्या. केसाळ टोप्या, लोकरीच्या नमद्याचे जाड बूट. कुणाला संशय नको म्हणून. उत्तर ध्रुवाकडे निघाल्यासारखी सोय. आता बसलेत नारळाखाली नमद्याचे बूट घेऊन.”

“ओरेस्त.” आर्काडी व्हिकेंत्येविचनी डोळ्यांनी टायपिस्टांकडे खूण केली.

“या आपल्याच आहेत हो,” ओरेस्त म्हणाला.

झिनानं चहा अर्धाच टाकून कप बाजूला सारला.

जूनमध्ये तिचा मुलगा ग्लेब फौजेच्या गाडीतून मॉस्कोवरून गेला होता. मालधक्क्यावर त्याला भेटायला जेमतेम वेळ मिळाला होता. ऐन उन्हाळ्यात त्याच्या खांद्यावर स्की होत्या. “कुठे चाललात रे?” असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “आम्हालाही सांगितलेलं नाही, आई. पण स्कीवरून तूच ओळख.” ती हसली होती. घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, उत्तरेला गेलाय. तेव्हापासून सासू प्रास्कोव्या त्याच्यासाठी विणत बसली होती. मोजे झाले, गळपट्टा झाला, आता दुहेरी लोकरीचे हातमोजे चालले होते. फौजेच्या टपालक्रमांकावर दोन पुडकी गेलीही. ग्लेबचं एकच कार्ड आलं होतं. ठीक आहे, भरपूर खातो, काळजी करू नका.

म्हणजे तो तिथे होता. सकाळपासून ती ज्या बेटाबद्दल टाइप करत होती, त्या बेटावर. ‘वेळ थोडा उरला आहे’ हे वाक्य तिनं स्वतः चार वेळा टाइप केलं होतं, कानातून बोटात, मध्ये मुक्काम नाही.

“चला, तिसरं पान,” रोझा म्हणाली.

पहिल्याच ओळीत झिना चुकली. पान फाडलं. दुसऱ्यांदा पाचव्या ओळीपर्यंत पोचली आणि ‘बेट’ या शब्दात दोन अक्षरं उलटीपालटी झाली. पान फाडलं. तिसऱ्यांदा अगदी तळापर्यंत नीट आलं आणि शेवटच्या टिंबाऐवजी बोट शेजारच्या कळीवर पडलं. रोझानं वाचायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

“झिना, अगं बोटं बघ तुझी. थरथरतायत.”

“चहा कडक होता.”

“चहा तर नुसतं गरम पाणी होता.”

“वाच तू.”

हे पत्र लवकर जावं असं त्या इमारतीत तिच्याइतकं कुणालाच वाटत नसेल, आणि तिचीच बोटं ते अडवून बसली होती. तिला आपल्या हातांचा एवढा संताप आला की ते मशीनवर आपटावेत. सांगावं का सरळ, माझा मुलगा आहे तिथे? पण सांगितलं असतं तर पहिली गोष्ट म्हणजे तिला खोलीबाहेर काढलं असतं. ज्याचं माणूस प्रकरणात अडकलेलं आहे, त्यानं त्या प्रकरणाच्या कागदाला हात लावायचा नाही. मग चौकशी : मुलगा कुठे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं, झिनाइदा स्तेपानोव्हना? त्यानं? आणि ग्लेबवर बालंट. शिवाय पत्र गेलं की नाही हे जगात सगळ्यात आधी कळणार होतं ते याच खोलीत. इथून ती हलणार नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

चौथ्यांदाही पान फाडावं लागल्यावर आर्काडी व्हिकेंत्येविच उठून आले.

“काय झालंय तुम्हाला आज?”

“काही नाही. करते.”

“बरं नाही का?”

“बरी आहे.”

“पुरे आता. रोझा, तुम्ही बसा मशीनवर. झिनाइदा स्तेपानोव्हना, तुम्ही वाचून सांगा.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “वय होतंच हो प्रत्येकाचं. मनाला लावून घेऊ नका.”

या मशीनवर तिच्याशिवाय कुणी बसत नसे. रोझा बसली तेव्हा तिनं खुर्ची पुढे ओढली, कारण ती बुटकी होती. झिना बाजूच्या स्टुलावर बसली आणि खर्डा हातात घेतला. त्यावर लाल, निळ्या, हिरव्या रेघांचं जंगल माजलं होतं. ती वाचू लागली.

आजवर तिनं असं पत्र कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. ‘तुम्ही आणि मी दोघेही जाणतो, की युद्ध सुरू झालं तर ते थांबवणं आपल्या हातात राहणार नाही.’ स्वल्पविराम. ‘तिथे आमची माणसं आहेत.’ पूर्णविराम. इथे तिला पुढची ओळ सापडेना. रोझानं कळांवरून हात उचलले नाहीत, फक्त पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिली. ‘आमची माणसं आहेत,’ असं झिनानं परत वाचलं.

“ते झालं टाइप,” रोझा हळूच म्हणाली.

“हो. पुढे. नवा परिच्छेद.”

रोझा सावकाश पण बिनचूक टाइप करत होती. तीन पानं झाली. शेवटचं उरलं. विहीर पुन्हा गेली होती, ओरेस्तच्या शुभेच्छाही गेल्या होत्या. उजवीकडचा समास थोडा अरुंद दिसतो, असं आर्काडी व्हिकेंत्येविचचं मत पडलं. पट्टी घेऊन त्यांनी तो मोजला. खरंच अरुंद होता. दुसरं पान नव्यानं करावं लागणार होतं.

दार धाडकन उघडलं. वरच्या मजल्यावरचा एक माणूस कोट अंगात न घालता हातात घेऊनच आला होता.

“मजकूर द्या.”

“होतोय. दोन पानं पक्की व्हायचीत.”

“पक्की-कच्ची जाऊ द्या. हा खर्डाच ना शेवटचा?” त्यानं झिनाच्या हातातले कागद ओढले. “आकाशवाणीवर वाचायचंय. संध्याकाळच्या बातम्यांना. गाडी खाली चालू आहे.”

“आकाशवाणीवर?” आर्काडी व्हिकेंत्येविच उभे राहिले. “हे पत्र आहे. खासगी.”

“सांकेतिक तारेनं जाऊन, उलगडून, भाषांतर होऊन तिकडे पोचायला अर्धा दिवस लागतो. तोवर तिकडचे लोक थांबतील असं सांगून गेलेत का तुम्हाला? आकाशवाणी सगळे ऐकतात. तेही ऐकतील.”

“पण त्यावर खाडाखोड आहे. चहाचा डाग आहे पहिल्या पानावर.”

“वाचणाऱ्याला दिसेल, ऐकणाऱ्याला नाही,” तो माणूस म्हणाला आणि गेला. जिन्यावर त्याचे बूट बराच वेळ वाजत राहिले.

आर्काडी व्हिकेंत्येविचच्या हातात पट्टी तशीच होती.

“मग आम्ही सकाळपासून काय करत होतो?” झिनानं विचारलं.

आवाज मोठा नव्हता, पण त्या खोलीत तिनं असा प्रश्न कधी विचारला नव्हता. रोझानं तिच्या बाहीला हात लावला.

“पत्र लिहीत होतो,” आर्काडी व्हिकेंत्येविच म्हणाले.

“समास आखत होतो आपण. विहीर आत, विहीर बाहेर. तिकडे माणसं मरणाच्या दारात बसलीत आणि इकडे पट्टीनं मोजतोय. हा खर्डा सकाळी दिला असता तर सकाळीच गेला असता तो.”

“झिनाइदा स्तेपानोव्हना.”

“चहाच्या डागासकट गेला असता.”

आर्काडी व्हिकेंत्येविच रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते रागावले नाहीत. पट्टी टेबलावर ठेवून ते म्हणाले, “तुमचं बरोबर असेल. पण फाइलला पक्की प्रत लागेलच. दुसरं पान घ्या, रोझा.”

वरातीमागून घोडं. पत्र तिकडे साऱ्या जगाला ऐकू आलं आणि ते ज्यांनी केलं ते इकडे खिडक्या बंद करून, समास मोजून, त्याची पक्की प्रत करत बसले. ती होईपर्यंत कुणालाही सोडलं नाही. प्रत देखणी झाली. सोमवारपासून झिनाला दुसऱ्या खोलीत बसवलं. तिथे साधी परिपत्रकं होती आणि रबर चालत होतं.

त्या रविवारी ती घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघरात सासू आणि शेजारीण तैसिया बसल्या होत्या. स्वयंपाकघर चार बिऱ्हाडांचं मिळून एक. भिंतीवरचा रेडिओ आता गाणी लावत होता.

“ऐकलंस का गं?” तैसिया म्हणाली. “युद्ध टळलं. आपल्या साहेबांचं पत्र वाचून दाखवलं. रॉकेटं परत आणणार.”

“ऐकलं नाही. काम होतं.”

“जग बुडायला आलं तरी हिचं टाइपिंग चालूच,” सासू म्हणाली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. टाके ती बोटांनी चाचपून विणायची. “कुठल्याशा गरम बेटावर आपली पोरं आहेत म्हणे. कुणाची असतील, देव जाणे. आज त्यांच्या आयांना झोप लागेल. आपला ग्लेब तरी लांब आहे त्या सगळ्यापासून, तेवढं बरं.”

“हो, आई,” झिना म्हणाली.

“हो काय नुसतं? तुला त्या पोराची आठवण तरी येते का? मी इथे आंधळ्या डोळ्यांनी विणतेय. तू एक टाका घालशील तर शपथ.”

झिनानं तिच्या हातातून सुया घेतल्या आणि पुढची ओळ विणायला बसली. लोकर जाड होती. नारळाखाली बसलेल्या मुलासाठी ती हातमोजा विणत होती आणि सासू शेजारून सांगत होती, घट्ट ओढ, वारा शिरायला नको. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही तिनं सुईवर घेतलं.

ग्लेब डिसेंबरात आला. रजेचा कागद, पत्र्याची पेटी, आणि ऐन दुपारी दारात उभा. झिनानं त्याला इतकं घट्ट धरलं की सासूला तिला बाजूला सारून नातवाच्या तोंडावरून हात फिरवावा लागला. तो वाळला होता. चेहरा, मान, हात, सगळं तांबूस काळं पडलं होतं. सासूला ते दिसत नव्हतं. झिनाला दुसरं काही दिसत नव्हतं.

स्वयंपाकघरात त्याच्यापुढे कोबीचं सूप ठेवलं, काळा पाव कापला, काकड्यांची बरणी उघडली. सासू त्याच्या शेजारी चिकटून बसली.

“थंडी फार होती का रे?”

“फार, आजी.”

“पुडकी पोचली?”

“पोचली. खूप उपयोग झाला. सगळे मागायचे.”

“बघ,” सासू झिनाकडे वळून म्हणाली.

तेवढ्यात तैसिया पातेलं घेऊन आत आली. ग्लेबला पाहून पातेलं चुलीवर ठेवायचं विसरली. बाई वाईट नव्हती, पण तिच्या तोंडातून निघालेली गोष्ट सगळ्या मजल्यांवर पोचायची, आणि तिचा जावई गुप्त पोलिसांच्या खात्यात होता हे सगळ्यांना माहीत होतं.

“अरे वा, आला का आमचा शिपाई. आणि हे काय रे? काळाकुट्ट झालास की. उत्तरेला होतास ना तू? तिथे आता सूर्य तरी उगवतो का?”

ग्लेबचा चमचा थांबला. त्यानं आईकडे पाहिलं नाही, ताटलीत पाहिलं. त्याचा कान लाल झालेला झिनाला दिसला. लहानपणी खोटं बोलताना व्हायचा तसा. बोलू नका अशी सही घेतल्याशिवाय त्या पोरांना घरी सोडलेलं नसणार, हे तिला माहीत होतं. तशीच सही तिनं स्वतः केव्हाच केली होती.

“बर्फावरचं ऊन असंच भाजतं, तैसिया,” झिना पाव कापता कापता म्हणाली. “आमचे वडील जंगलात लाकडं तोडायला जायचे ना, मार्चात परत यायचे तेव्हा ओळखू यायचे नाहीत. वारा आणि बर्फ. कातडी सोलून निघते.”

“असं होय?”

“मग. पातेलं ठेव आधी, दूध सांडेल.”

तैसियानं पातेलं ठेवलं, दोन गोष्टी विचारल्या, गेली. सासू डुलकी घ्यायला खोलीत गेली. स्वयंपाकघरात दोघंच उरली. ग्लेब आईकडे पाहत होता. तिच्या वडिलांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती आणि कधी जंगल पाहिलं नव्हतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

“आई,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुला माहीत आहे?”

तिनं बरणीचं झाकण लावलं.

“आई, तिथे एक दिवस असा आला होता की आम्हाला वाटलं...”

तिला ते ऐकायचं होतं. तो एक दिवस, तो कुठला रविवार होता, तो काय करत होता, कुणाच्या शेजारी बसला होता, त्याला तिची आठवण आली होती का. या घरात ते ऐकायचा अधिकार कुणाला असेल तर तिलाच होता. दाराबाहेरच्या बोळातून कुणीतरी चपला फरफटत गेलं. पावलं लांब जाईपर्यंत ती थांबली.

“जेव,” ती म्हणाली. “गार होतंय.”

त्यानं चमचा उचलला. त्या दिवशी त्यानं पुन्हा ते वाक्य सुरू केलं नाही, आणि पुढे कधीही नाही. ती समोर बसून त्याचं जेवण होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली.